व्याह्याचं नाव

दिवाळीनंतर माझ्या व्याह्याचं पत्र आलं होतं. होळी झाली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र लांब नव्हतं, अवघड तर मुळीच नव्हतं. ग्रीक अक्षरांतल्या प्रत्येक ओळीखाली माझ्या मुलीनं, वृषालीनं, पेन्सिलीनं मराठी लिहून दिलं होतं.

"दुसरं बाळ येतंय," व्याह्यानं लिहिलं होतं. "आमची रीत अशी की पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं. मुलगा झाला तर आता तुमची पाळी. तुमच्या नावाचा अर्थ काय आणि ते तुम्हाला कुणाकडून आलं, हे स्वतःच्या हातानं लिहून पाठवा. नाव ठेवण्याच्या दिवशी जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून मी ते सगळ्यांना वाचून दाखवीन. मला माझं नाव आजोबांकडून मिळालं. तेव्हा ते जिवंत होते. एका घरात दोन यॉर्गोस होते. आजीनं हाक मारली की दोघंही धावायचो, जो आधी पोचेल त्याला गरम पाव. माझ्या नावाचा अर्थ शेतकरी. मी जन्मभर बस चालवली, ते सोडा."

खाली सही होती, यॉर्गोस.

जुन्नरच्या एका शाळेत मी जन्मभर पुस्तकं सांभाळली. लोकांचे अर्ज, मानपत्रं, श्रद्धांजलीचे मजकूर लिहून दिले. चार ओळींचं उत्तर लिहिणं मला जड जायचं कारण नव्हतं. पण मला तो माणूस सहन होत नव्हता.

आमची मुलगी मासळीच्या शेतीचं शिक्षण घ्यायला ग्रीसमध्ये वोलोस नावाच्या गावी गेली. तिची आई साळुबाई डिंभ्याची, घोडनदीच्या काठची. माश्यांचं वेड तिच्याकडूनच आलं असावं. तिथंच वृषालीनं निकोस नावाच्या मुलाशी लग्न केलं. साळुबाई ते पाहायला राहिली नाही. आता दर रविवारी संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ लागतो, आणि मुलगी दिसायच्या आधी तिचा सासरा दिसतो. टक्कल, पांढऱ्या मिशा, आणि खांद्यावर माझा नातू.

"जेवलाऽऽ का, आबा?" तो ओरडतो. वृषालीनं त्याला एवढंच मराठी शिकवलंय, आणि तेवढ्यावर तो आमची अख्खी आळी जिंकून बसलाय. मला त्याला ग्रीकमध्ये साधा नमस्कारही करता येत नाही. शब्द पाठ आहे, तोंडातून येत नाही. मी हात जोडतो आणि मग नातवाकडे बघून हात हलवतो. नातू माझ्याकडे एकदा बघतो आणि तिकडच्या आजोबाचा कान ओढायला लागतो.

"यॉर्गो, खाली उतर," वृषाली पोराला रागावते; यॉर्गोसचं हाकेत यॉर्गो होतं. पोरगं ऐकत नाही. मग ती सासऱ्याला म्हणते, "यॉर्गो, तुम्हीच उतरवा त्याला." दोघंही एकाच वेळी "काय?" म्हणून वळतात आणि तिघं हसत सुटतात.

माझी मुलगी दिवसभर त्या माणसाचं नाव घेते. पोराला जेवायला बोलावताना, झोपवताना, मारताना. आणि तो ते ऐकत अंगणात बसलेला असतो.

हे मला का लागतं, ते सांगायला हवं. माझं नाव भगवंत. हे माझ्या आजाचं नाव. मी जन्मायच्या आधी तो गेला होता, म्हणून मला त्याचं नाव ठेवलं. आमच्याकडं असं नाव ठेवलं की सून ते तोंडातून काढत नाही, कारण ते सासऱ्याचं नाव. त्यामुळं माझ्या आईनं मला पाळण्यातच 'आबा' म्हणायला सुरुवात केली. तिचं ऐकून भावंडं म्हणाली, गाव म्हणालं. साळुबाईनं लग्नात उखाणा घेतला तेवढाच, पुढं 'अहो' आणि 'ऐकलं का'. मुलगीही आबाच म्हणते. शाळेत हजेरीला गुरुजी पूर्ण नाव घ्यायचे, पण ती हाक नव्हे, मोजणी. माझं नाव रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या कागदावर कोरं करकरीत पडून राहिलं, लग्नात मिळालेल्या न नेसलेल्या धोतरासारखं.

आणि तिकडं तो. एका नावावर दोन पिढ्या धावतात.

पहिल्या नातवाचं नाव ठेवलं त्या वेळी तर त्यानं कहरच केला. म्हणजे त्यानं काही केलं नाही, केलं माझ्या थोरल्या बहिणीनं. ठमाबाई आण्याला असते. आमचं मूळ गाव तेच, आणि तिला गावातच दिली होती. नातवाचं नाव आजाचं ठेवलं, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघी बायकांना घेऊन, डोक्यावर पाटी घेऊन, आळेफाट्याला गाडी बदलून जुन्नरला माझ्या दारात.

"आबा, व्याही गेलं आन् तू कळवलं बी न्हाईस!" दारातच तिनं पदर डोळ्याला लावला.

"कोण गेलं?"

"तुझं व्याही. नातवाला आजाचं नाव ठिवलं म्हन. आजा गेल्याबिगर ठिवलं व्हय?"

पाटीत पिठलं-भाकरी होती. मयताच्या घरी भाऊबंद घेऊन जातात तो कडू घास. "त्यांच्या घरी इतक्या लांब कोन जानार," ती म्हणाली, "म्हनून तुझ्याकडं आनला. कुनीतरी दोन घास खायाला पायजेत."

मी काही समजावून सांगणार, तोच मोबाइल वाजला. शेजारचे गेणभाऊ आवाज ऐकून आत आले होते, त्यांनीच बटण दाबलं. पडद्यावर मिशा आल्या.

"जेवलाऽऽ का, आबा?"

ठमाबाई पाटीवरच बसायची राहिली. "आगं आये! ह्ये तर चालतं-बोलतं हाय!"

"येष्टीवाला हाय, आक्का," गेणभाऊ म्हणाले. ते स्वतः एसटीत कंडक्टर होते. "आमच्या खात्यातलं मानूस असं टाइमाच्या आधी न्हाई सुटत."

"मंग जित्या मानसाचं नाव ठिवलं? पोराला काय बाप जायाची घाई झाली व्हय?"

वृषालीनं तिकडं सगळा प्रकार सांगितला. यॉर्गोस इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मग डोळे पुसत त्यानं काहीतरी म्हटलं. वृषाली म्हणाली, "आत्या, ते म्हणतात माझ्या मयताचं जेवण मला दाखवा तरी." ठमाबाईनं पदर डोक्यावर पुढं ओढून पाटी मोबाइलपुढं धरली. त्यानं नीट बघितलं, बोटं चाटल्यासारखं केलं आणि आपल्या नावानं सगळ्यांनी जेवा म्हणून सांगितलं. आम्ही पाचही जण जेवलो. पिठलं झणझणीत झालं होतं.

त्या दिवसापासून तो प्रत्येक व्हिडिओत 'मला पुरणारी आत्या कशी आहे' म्हणून विचारतो. आणि माझी सख्खी बहीण, मी आण्याला गेलो की माझी तब्येत विचारायच्या आधी विचारते, "ते चालतं-बोलतं कसं हाय?"

तर अशा माणसाचं पत्र आलं होतं. 'आता तुमची पाळी.' वाढप्यानं पंक्तीच्या शेवटाला बसलेल्याला म्हणावं तसं. मला ते वाक्य काही केल्या गिळेना. पहिला मान त्याचा, उरलेला माझा, आणि तोही त्यानं द्यायचा!

पत्र आलं त्या आठवड्यात मी गावातल्या वाचनालयात गेलो. कशाला, तर त्याच्या नावात काही खोट सापडते का बघायला. जुने जाड कोश कपाटाच्या वरच्या फळीवर होते. तिथं त्याच्या नावाचं मूळ दिलेलं होतं. ग्रीकांचा 'गे' म्हणजे जमीन, आणि 'एर्गोन' म्हणजे काम. जमिनीत काम करणारा तो गेओर्गोस, त्यावरून माणसाचं नाव गेओर्गिओस, आणि रोजच्या बोलण्यात झिजून यॉर्गोस.

मला बरं वाटलं. म्हणजे कुणबीच की! एवढं मिरवायला काय झालं?

पण वाचणाऱ्या माणसाला मध्ये थांबता येत नाही. पुढं लिहिलं होतं की अथेन्समध्ये त्यांच्या थोरल्या देवाला, झ्यूसला, याच नावानं पूजत असत, जमीन कसणारा झ्यूस म्हणून. नंतर एका शिपाई संताचं हे नाव, आणि त्याच्या पुण्याईवर ते देशोदेशी गेलं, राजांनी घेतलं. मी कोश मिटला. आमच्याकडं पोराचं नाव कुणी 'शेतकरी' ठेवील का? आम्ही पोरांना देवाची नावं देतो, फुलांची देतो, आणि मातीत काम करणाऱ्याला अडाणी म्हणतो. मी स्वतः मातीतून पळून पुस्तकांत शिरलो. आणि त्या लोकांनी ढेकळं फोडण्याचं नाव करून ते देवाला चिकटवलं. मी खोट शोधायला गेलो होतो, घरी आलो तो आणखी एक हेवा घेऊन.

परतताना आमच्या डोंगरातली लेणी समोर होतीच. तिथल्या खडकावर इरिल नावाच्या एका यवनानं, म्हणजे ग्रीकानं, पाण्याच्या दोन टाक्या दान दिल्याचं कोरलेलं आहे. शाळेच्या मुलांना ते मी कौतुकानं सांगत असे. त्या दिवशी मात्र वाटलं, यांनी आमच्या दगडावरसुद्धा दोन हजार वर्षांपूर्वी नाव घालून ठेवलंय. माझं आहे ते रेशनकार्डावर.

संक्रांतीच्या सुमाराला वृषालीला दुसरा मुलगा झाला. मी कागद घेऊन बसलो. 'आपले कृपापत्र पावले' असं लिहून फाडलं. कृपा कसली? मग 'भगवंत या शब्दाची व्युत्पत्ती' असा मथळा घातला. भग म्हणजे भाग्य, ऐश्वर्य. ते ज्याच्यापाशी आहे तो भगवंत. हे वाचून दाखवल्यावर वोलोसमधले लोक पडद्यावरच्या माझ्याकडं बघतील, हात जोडून बसलेल्या, तोंडातून शब्द न फुटणाऱ्या माणसाकडं. तेही फाडलं.

होळीनंतरच्या रविवारी वृषाली एकटीच बोलली.

"आबा, बाळाला अजून नाव नाही. सगळे त्याला नुसतं 'बेबीस' म्हणतात. इथं चर्चमध्ये पाण्यात बुडवून नाव ठेवेपर्यंत चालतं तसं, पण आता ईस्टरनंतरचा रविवार ठरलाय."

"मग ठेवा की."

"काय ठेवा? यॉर्गो अडून बसलेत. म्हणतात, ज्याचं नाव घ्यायचं त्यानं आपण होऊन दिलं पाहिजे, हिसकून घेतलेलं नाव पोराला लागत नाही. तुमचं पत्र आलं नाही तर चर्चमध्ये बाळाला हातावर घेणारा धर्मपिता सुचवेल ते ठेवायचं. त्याला लेफ्तेरीस आवडतं."

"चांगलं आहे."

"आबा! तुम्हाला नको आहे का? तसं तरी सांगा. माझ्या आईचं नाव ठेवायला मुलगी नाही झाली. तुमचंही गेलं तर माझ्याकडचं त्या घरात काय राहणार?"

"बघतो," मी म्हणालो. हा शब्द मी आयुष्यात सर्वांत जास्त वापरला असेन.

मला नको नव्हतं. मला ते इतकं हवं होतं की रात्रीचं जेवण जाईना. माझ्या मुलीच्या तोंडून दिवसभर माझं नाव! पण ते त्याच्या हातून यायला नको होतं. आणि दुसरी भीती होतीच. जित्या माणसाचं नाव ठेवणं आमच्यात कुठं बसतं? गेणभाऊंनी तर दारात उभं राहून त्या भीतीला वाचाही फोडली.

"लिहिलं का उत्तर, आबा?"

"नाही अजून."

"लिवा, लिवा. नाव ठिवलं का आक्काची पाटी येतीय बघा आन्यावरनं. अवंदा पिठलं तुमच्या नावाचं. म्या आपला कांदा फोडून तयार ऱ्हातो."

मी आण्याला जायचं ठरवलं. 'नाव कुणाकडून आलं' या प्रश्नाचं उत्तर मला तरी कुठं माहीत होतं? आजाचं नुसतं नाव माहीत होतं. त्याला पाहिलेली एकच व्यक्ती उरली होती.

आळेफाट्यावरून नगरकडं जाणारी गाडी घाट चढून पठारावर आली की झाडं कमी होतात आणि वारा वाढतो. ठमाबाई ओट्यावर सुपात हुलगे निवडत बसली होती.

"आलास? बस. ते चालतं-बोलतं कसं हाय?"

"बरं आहे," मी म्हणालो. "अक्का, आपला आजा कसा होता?"

"कंचा?"

"भगवंत."

तिनं सुपातून मान वर केली. ते नाव या ओट्यावर कुणी घेतलं असेल याला जमाना झाला असावा.

"लई कजाग," ती म्हणाली. "हातात टिकाव आन् त्वांडात शिवी. मला खांद्यावर घ्यायचा, पर खाली ठिवताना बी शिवी द्यायचा. जन्मभर दगडं येचली म्हाताऱ्यानं. ह्यो समदा माळच व्हता. दगडं येचली, बांध घातला, बांधाला माती अडवली, तवा कुठं चार बोटं जमीन झाली. तुला ठावं न्हाई? तू पुस्तकं वाचीत व्हतास."

बांध ओट्यावरूनच दिसत होता. काळ्या दगडांची लांब रांग, मध्ये कुठं कुठं ढासळलेली. तिचा मुलगा आता ती जमीन कसतो. मी बघत राहिलो. गे म्हणजे जमीन, एर्गोन म्हणजे काम. खरा यॉर्गोस हा होता. माझा आजाही शेवटी व्याह्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिला.

मग मी तिला पत्राचं सांगितलं. सगळं ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"जित्या मानसाचं नाव नगं, बाबा. तिकडं त्यांचं चालतं, त्यांचा देव यगळा." थोडा वेळ तिनं हुलग्यांतला एक खडा बोटानं फिरवला. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "पर थांब की! त्ये नाव तुझं कुठं हाय? आजाचं हाय. आजा मेलाय. मंग काय? खापरपणज्याचं नाव ठिवलं म्हनायचं. कुनाची टाप न्हाई बोलायची. पिठलं बी नगं आन् काय बी नगं."

गाठ किती सोपी सुटली! रीत सांभाळली गेली, पोराला नाव मिळालं, व्याही खूश, मुलगी खूश. मला मात्र अंगावर गार पाणी पडल्यासारखं झालं. एका माणसाचा हेवा घेऊन मी घाट चढलो होतो, इथं दुसरा भेटला. हा तर मरूनही जागा सोडत नव्हता.

"म्हणजे माझं काहीच नाही त्यात?" मी म्हणालो. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"तुझं?" ती भोळेपणानं म्हणाली. "तुला कवा कुनी हाक मारलीया त्या नावानं?"

मी बांधाकडं बघू लागलो. तिलाही काहीतरी जाणवलं असावं. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण निवडायला लागली नाही.

"मारली व्हती," ती हळू आवाजात म्हणाली. "एकडाव. आईनं."

"कधी?"

"हिरीचं काम चाललं व्हतं तवा. हीर खोल गेली व्हती आन् कठडा न्हवता. तू आसशील एवढासा. वासरू धावलं आन् तू त्याच्या मागं, हिरीच्या अंगाला. म्या वरडले, आबा! आबा! आत्या वरडली. समदी वरडली. तू कुठं ऐकतुयास. आबा म्हनून दिसभर हाका मारायचे समदे, तुला त्याचं काय न्हाई. आई पार पल्याड, डोस्क्यावर पाटी. तिनं पाटी टाकली आन् ह्या आवाजात हाक मारली... भगवंता, म्हनली. तू जाग्यावर हुबा. मागं वळून बघितलंस. कोन बोलावतंय, म्हनून."

"मग?"

"मंग काय? आनून बडवला तुला. आन् सांजच्याला देव्हाऱ्यात आजाचा चांदीचा टाक व्हता न्हवं, त्याच्याम्होरं निवद ठिवला, सोताचं कान धरलं. म्हनली, मामंजी, तुमचं नाव घेतलं, चुकले. मला शपथ घातली कुठं बोलायचं न्हाई. आता कोन ऱ्हायलंय म्हना."

मला यातलं काही आठवत नव्हतं. विहीर आठवत होती, वासरूही कदाचित. हाक नाही. माझ्या आईनं मला नावानं मारलेली एकच हाक, ती या म्हातारीच्या कानात इतकी वर्षं राहिली आणि माझ्या कानात नाही. त्या क्षणी मला माझ्या बहिणीचाही हेवा वाटला. व्याह्याचा वाटला नव्हता इतका.

"कशी मारली होती?" मी विचारलं. "मारून दाखव ना."

"येडा का खुळा तू? आता कशापायी? म्या हितं तुझ्याम्होरं बसलीया."

"एकदाच."

"नगं," ती म्हणाली आणि डोळे पुसून हुलगे निवडू लागली. "ती हाक तिचीच व्हती. म्या मारून तशी न्हाई याची."

जाताना तिनं माझ्या पिशवीत शेरभर हुलगे घातले. "तुला काय लिवायचं ते लिव," ती म्हणाली. "आजाचं म्हन न्हाईतर तुझं म्हन. पर तुझं म्हनलास तर म्या पाटी घिऊन येनार. तुला सांगून ठिवतीया."

"ये," मी म्हणालो. "जेवू."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेतला. या वेळी फाडावा लागला नाही, जरी दोन ठिकाणी खोडाखोड झाली. लिहिलं ते असं:

'यॉर्गोस यांस,

उत्तराला उशीर झाला. तुम्ही पाळी म्हणालात, ते मला आवडलं नव्हतं.

माझ्या नावाचा अर्थ भाग्य ज्याच्यापाशी आहे तो. मी तसा दिसत नाही हे तुम्ही दर रविवारी बघता. तुम्ही शेतकरी असून बस चालवली, तसंच हे समजा.

तुमच्या नावाचा अर्थ मी शोधून काढला. तो माझ्या आजोबांना चपखल बसतो. त्यांनी माळावरचे दगड वेचून जमीन केली. मला हे तुम्हाला सांगावंसं वाटत नव्हतं, पण खरं आहे.

माझं नाव कुणाकडून आलं असं विचारलंत. कागदावर ते आजोबांचं आहे. पण मला ते माझ्या आईकडून आलं. मी विहिरीत पडत होतो तेव्हा तिनं त्या नावानं मला एकदा हाक मारली. ते घेणं तिला परवानगीचं नव्हतं. मी मागं वळलो, म्हणून हे लिहायला आहे. त्यामुळं ते माझं आहे, आणि मी ते बाळाला देतो.

दोन अटी आहेत. त्याला टोपणनाव ठेवायचं नाही. भांडतानासुद्धा पूर्ण नावानं हाक मारायची. आणि पाण्यातून वर काढल्यावर पहिली हाक वृषालीनं मारायची, तुम्ही नाही. तुम्हाला पुढं रोज मारता येणार आहे. तुम्ही तिथं आहात.

माझी बहीण पिठलं घेऊन येणार आहे. या वेळी माझ्या मयताचं. ते तुम्हाला दाखवू.

भगवंत'

शेवटची अट वाचताना तो हसेल की रागावेल, हे मला कळत नव्हतं. हे सगळं ग्रीकमध्ये वृषालीलाच करायचं होतं, म्हणजे सासऱ्याला 'तुम्ही नाही' म्हणून सांगायचं काम तिच्याच हातून होणार होतं. त्याचा मला थोडा आनंद झाला, नाही असं नाही.

पत्ता मी व्याह्याच्या पत्रावरून एकेक अक्षर बघून उतरवला. ग्रीक अक्षरं नीट वळली नाहीत, म्हणून खाली रोमन अक्षरांतही लिहिलं. पोस्टाच्या वाटेवर गेणभाऊ सोबत आले.

"झालं का लिवून? काय दिलं मंग?"

"नाव दिलं."

"आजाचं का तुमचं?"

"माझं."

"म्हंजी कांदा फोडायचा तर," ते म्हणाले. मग माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढची थट्टा गिळून टाकली.

पोस्टात खिडकीवर एक तरुण बाई होती. डोक्यावर पंखा खडखडत होता. तिनं पाकीट वजनाला ठेवलं, पत्त्यातली अक्षरं बघून भुवया उंचावल्या आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

मी सांगितलं.

"ऐकू नाही आलं, आजोबा. मोठ्यानं सांगा."

मागं रांग होती. गेणभाऊ बाजूला खांबाला टेकून उभे होते.

"भगवंत!"

रांगेतले दोघं-तिघं बघायला लागले. बाईनं ते टाइप केलं, पावती फाडून माझ्यापुढं सरकवली, पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.